दोन रिळांच्या मधला माणूस

पापडी गावच्या आलोशियसला वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी चोरून वागायची सवय लागली. दुपारी बायको इझाबेल जरा आडवी झाली की हा वाडीतल्या पंपाच्या खोलीत शिरायचा, दार ओढून घ्यायचा आणि कोमट पाण्याच्या बादलीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून बसायचा. बोटं थोडी सैल झाली की फुटक्या कौलातून येणाऱ्या उन्हात ती धरायची आणि भिंतीवर सावलीचा ससा करून बघायचा. ससा काही होत नसे. एक कान उभा राही, दुसरा लोंबत राही. घरच्यांना वाटे, म्हातारा केळींना पाणी सोडतोय.

याला कारण इझाबेलचे डोळे. नात ॲनिशा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली तेव्हा कळलं, काचबिंदू फार पुढे गेलाय. नजर कडेकडेने मिटत आलेली, मधोमध वाटीएवढी जागा उरलेली, आणि तीही फार तर काही महिने. इझाबेलने घरी येऊन पदर खोचला आणि बोंबील साफ करायला घेतले. हादरला तो आलोशियस. त्याच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली : ही मला न बघताच आंधळी होणार.

साठ वर्षं एका घरात नांदलेल्या बायकोबद्दल कोणी असं म्हणालं तर लोक त्याला वेड्यात काढतील. पण होतं ते खरंच.

त्या काळी भाताची कापणी झाली की गावाबाहेरच्या रिकाम्या शेतात सिनेमाचा तंबू उभा राहायचा. तंबूत मशीन एकच. एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंत चार-पाच मिनिटं जायची आणि तेवढ्यात पब्लिक शिट्ट्या मारून तंबू डोक्यावर घ्यायचं. आलोशियस तेव्हा दारावर तिकिटं फाडायचा. एकदा रीळ अडकलं. ऑपरेटर सॅन्टनने दिवा तसाच चालू ठेवलेला, समोर नुसता पांढराफटक पडदा, लोक खवळलेले. आलोशियस सरळ उजेडात जाऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केले. पडद्यावर दहा फुटी बगळा उतरला. बगळ्याने मान वळवली, पंखात चोच खुपसून खाजवलं, मग मासा पकडला आणि तो घशात अडकला. तंबू असा हसला, की सॅन्टन रीळ चढवायचं विसरून बघत राहिला.

तेव्हापासून दोन रिळांच्या मधली वेळ आलोशियसची झाली. जूचंद्रच्या मिठागरांपासून पार डहाणूपर्यंत तंबू फिरला आणि तंबूबरोबर त्याचा बगळा, त्याचा ससा, त्याचे भांडकुदळ कोंबडे. सगळ्यांची लाडकी मात्र म्हातारी. कुबड काढून चालायची, बाजारात केळी चाचपून चाचपून न घेताच निघायची, आणि शिंक आली की अख्खी पडद्याबाहेर जायची. तिच्यासाठी बोटं अशी वाकवावी लागत की डोळ्यांत पाणी येई. हे चार हंगाम त्याने झोपेत चालल्यासारखे काढले. दिवसा कुठे आहोत याचा पत्ता नाही, संध्याकाळी अंधारातून येणारं ते हसू तेवढं खरं.

मध्येच मुंबईच्या एका सिनेमावाल्याने त्याला स्टुडिओत बोलावून त्याची म्हातारी कॅमेऱ्यात घेतली. पुढे तो सिनेमा त्याच तंबूत आला. आलोशियस नवा सदरा घालून पहिल्या रिळापासून बसला. शेवटचं रीळ संपलं तरी म्हातारी आली नाही. कापली असेल, सॅन्टन म्हणाला. पण रीळ बदलताना हा दर वेळी उठला होता, आणि त्याच पडद्यावर त्याने तिला आपल्या हाताने चालवून आणलं होतं. कोणाचं काही अडलं नाही.

इझाबेलचं घर त्या शेताला लागून. चांगल्या घरातल्या मुलींनी तंबूत पाऊल टाकायचं नाही, असा तिच्या बापाचा शिरस्ता. ती ओट्यावर बसून जपमाळ ओढायची आणि अंधारातून शेकडो माणसांचं हसणं ऐकायची. कशाला हसतात, ते मात्र दिसायचं नाही. शेवटी एके सकाळी तिने त्याला पावाच्या दुकानात गाठून विचारलं, "एवढं काय दाखवतोस रे तू?" त्याला सांगता येईना. तिथेच दोघांचं जुळलं.

बापाने एकच अट घातली. तंबू सोडायचा, आणि पुन्हा उजेडासमोर हात धरायचा नाही. गावच्या क्रुसाला हात लावून आलोशियसने शब्द दिला. मग ख्रिस्ती रीतीप्रमाणे तीन रविवार देवळात लग्नासाठी दोघांची नावं पुकारली गेली, कोणी हरकत घेतली नाही. लग्नाला पाच गावं जेवली.

आणि हा पठ्ठ्या शब्दाला जागला. वीज गेली की शेजारची पोरं मेणबत्तीपुढे कुत्री-मांजरं करत, तेव्हा हा हात मांडीखाली दाबून बसायचा. स्वतःच्या मुलांनाही त्याने कधी ससा दाखवला नाही. केळी लावली, पानवेल लावली, म्हातारा झाला. आता बायकोची नजर चालली तेव्हा त्याचे हात आपसूक बादलीत गेले. आधी ससा जमू दे, मग शब्दाचं काय ते बघू, असं तो स्वतःला सांगत होता. खरं तर त्याला ससा जमण्याचीही भीती वाटत होती आणि न जमण्याचीही.

डिसेंबरातल्या एका दिवशी त्याला उशीर झाला. पावणेपाचला पंपाच्या खोलीचं दार उघडलं. उतरतीचं पिवळं ऊन भसकन आत आलं आणि त्याबरोबर भिंतीवर इझाबेलची सावली पडली. भिंत चाचपत ती एकटी आली होती.

"पंपाचा आवाज नाय आणि तू रोज पानी सोडतोस?" ती म्हणाली.

आलोशियसने सगळं सांगून टाकलं. बादली, ससा, तिची नजर जायच्या आत तिला खेळ दाखवायचा होता तेही.

"मग दाखव की."

"तुझ्या बापाला शब्द दिलाय. क्रुसाला हात लावून."

"बापाला दिलास. मला कोनी विचारलं होतं?"

साठ वर्षांत त्याला हे सुचलंही नव्हतं, आणि त्याची त्याला फार लाज वाटली. मग तिची समजूत घालायला त्याने आजवर पोटात ठेवलेली गोष्ट काढली. "आपलं लग्न झालं आणि वर्षाच्या आत तंबूत दुसरं मशीन आलं. एक रीळ संपायच्या आत दुसरं सुरू. तसाही माझा खेळ बंदच झाला असता. मी काय मोठं सोडलं नाय."

"ते एक वरीस तरी मी बघितलं असतं," इझाबेल म्हणाली.

तिने उलटं पडलेलं खोकं पायाने चाचपलं आणि त्यावर बसली. "कर सुरू. वर गेल्यावर बापाशी मी बोलेन."

आलोशियसने हात उन्हात धरले. ससा लंगडा झाला. बगळ्याची चोच उघडली ती मिटेचना. ऊन कमी आहे, तो पुटपुटला.

"नाचता येईना, अंगन वाकडं," इझाबेल म्हणाली.

तो थकला. हात खाली घेतले आणि ते संधिवाताने जसे वाकले होते तसेच उन्हात लोंबत राहिले. सहज त्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे म्हातारी उभी होती. कुबड, हनुवटी, सगळं जिथल्या तिथे. जिच्यासाठी एके काळी बोटं पिळावी लागायची, ती आता त्याने काही न करता येऊन उभी राहिली होती. त्याने अंगठा जरासा हलवला. म्हातारी चालू लागली.

इझाबेलने मान इकडेतिकडे फिरवली. तिच्या वाटीएवढ्या नजरेत म्हातारी सापडायला वेळ लागला. मग मान थांबली.

"ही कोन?"

"हिलाच हसायचे सगळे."

म्हातारीने केळी चाचपली, नाक मुरडलं, पुढच्या दुकानात गेली, तिथेही चाचपली. मग तिला शिंक आली आणि ती भिंतीवरून पार कोपऱ्यात, बादलीवर जाऊन आदळली. इझाबेलला हसू फुटलं. ती दोन्ही हातांनी पोट धरून हसत सुटली, तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायला तिने पदर काही वर नेला नाही, तेवढ्यात काही निसटायला नको म्हणून.

तिकडे घराच्या ओट्यावर ॲनिशा आली होती. केळींच्या पलीकडून तिने हाक मारली, "अगो, काय झालं? कशाला हसताय एवढं?"

ऊन अजून थोडं होतं, आणि म्हातारी बाजारातून परत निघाली होती.