वरबापाचा पायजमा

थकलो हो मी या तोंडापायी. पाय दुखला तर चेपता येतो, कंबर दुखली तर शेकता येते. तोंडाचं काय करावं माणसानं? बसा, चहा येतोय. तोवर ऐका.

साहेब लोक देश सोडून गेले त्याला फार दिवस झाले नव्हते. शेजारच्या काशीबाईच्या शेवंताला पाहायला मूल गावचे पाहुणे यायचे होते. पोरगा लाकडाच्या डेपोत कारकून. मॅट्रिक! काशीबाई विधवा, त्यात आधीची दोन स्थळं मोडलेली. कुंपणापाशी येऊन म्हणाली, "भाऊ, घरात बाप्यामाणूस नाई. तुमी बसा पाहुण्यायपाशी. पण जास्त बोलू नोका."

"मी काऊन बोलीन बाई?"

आता दैव पाहा. त्याच सकाळी मी हेडमास्तरांकडे गेलो. काम काहीच नव्हतं. त्यांच्या दारात बैलबंडी कोणाची उभी आहे, एवढंच पाहायचं होतं. बंडीचं काही कळलं नाही, पण मास्तरांनी भलतंच ज्ञान दिलं. म्हणे, इंग्रजीतले कितीतरी शब्द साहेबानं इथूनच उचलून नेले! जंगल आपलं, बंगला आपला, खाटेची त्यानं कॉट केली. मुंगूस तर थेट मराठीतून गेलं!

चौथी शिकलेल्या माणसाला एवढं पचतं का? कधी कोणाला सांगतो असं झालं.

पाहुणे आले. अंगणात खाटा टाकल्या. बाकी सगळे धोतरवाले, वरबाप तेवढा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पायजम्यात. तेवढ्यात कुंपणातून एक मुंगूस निघालं आणि अंगणातून आडवं पळालं.

"वा! शकुन चांगला हाये," वरबाप खूश झाला.

संपलं. मला राहवतं का?

"साहेबबी त्याले मुंगूसच म्हणते बरं! आपल्यापासूनच शिकला थो."

पोरगा हसला. काशीबाईनं दारातून डोळे वटारले. मला वाटलं, कौतुकानं पाहते आहे.

"तुमी बसले थे खाट? आपलीच! अन् हा पायजमा," मी वरबापाच्या गुडघ्यावर प्रेमानं हात ठेवला, "हाबी इथूनच गेला. साहेब रोज राती हाच घालून झोपते!"

आत बायका फिस्सकन हसल्या. वरबापानं पायजम्याकडे पाहिलं आणि हळूच पाय आखडून घेतले.

"मंग आमी का झोपाले आलो का इथी?"

विषय बदलावा म्हणून त्याच्या भावानं मागण्या काढल्या. "पोराले सायकल पायजे. घड्याळ पायजे. अंगठी तं लागनच..." काशीबाईचा चेहरा उतरत चालला. बिचारीसाठी आपणच जरा हसवावं, असं मला वाटलं. मास्तरांचा एक शब्द अजून शिल्लक होता.

"अन् लूट!" मी ओरडलो. "लूटबी आपलीच! साहेबानं आपल्यापासूनच नेली!"

वरबापाच्या बशीतला चहा ओठाशीच थांबला.

पाहुणे उठले. पोहे तसेच राहिले. काशीबाई रडली नाही, भांडलीही नाही. "भाऊ, म्या तुमाले का सांगतलं होतं?" एवढंच म्हणाली. मग कुंपणाकडे येणंच बंद. मला जेवण जाईना.

बाजाराच्या दिवशी मूलचा माणूस निरोप घेऊन तिच्या दारात आला. मी आपला कुंपणाला कान लावून उभा.

"पोरगा अडून बसला, बाई. म्हणते, सायकल नको, घड्याळ नको, लुटारू म्हणून नाव नको. पोरगी पसंत हाये."

"वा रे पठ्ठे!" मी कुंपणाआडून ओरडलोच.

माणसानं मान वळवून पाहिलं. "अन् शेजारी नापसंत हाये. वरबापानं सांगतलं, लग्नात दिसला नाई पायजे."

लग्न माझ्या कुंपणाला लागूनच झालं. मी आपल्या अंगणात खाट टाकून एकटाच सनई ऐकत पडलो होतो. काशीबाईनं कुंपणावरून बुंदीचा द्रोण दिला. माया आहे तिची. पाठोपाठ वऱ्हाडातला एकजण वाकला.

"भाऊ, वरबापाले टेकाले खाट पायजे होती."

दिली. एक शब्द न बोलता दिली.

साहेबानं निदान नावच नेलं होतं हो. यांनी खाटच नेली, आणि मी भुईवर बसून बुंदी खाल्ली.