धुतलेलं तूप आणि मांजर

तूप कढल्याचा वास आला की मला अमरावतीतला, इंग्रजी अमदानीतला एक वैशाख आठवतो. माझ्या दीड वर्षाच्या लेकीचा तळवा तव्यावर पोळला होता. सासूबाईंनी तांब्याच्या परातीत पाण्यानं शंभरदा तूप धुतलं. त्याचं लोण्यासारखं पांढरं, गार मलम झालं. एकदा लावताच लेक निजली. उरलेलं त्यांनी माठाजवळ वाटीत, पाण्याखाली ठेवलं. मी मराठी चौथी पास, म्हणजे सगळं येणारी. पाण्यानं औषध नासेल म्हणून मी पाणी ओतून दिलं आणि वाटी चुलीच्या वैलावर, शेजारच्या उबदार तोंडावर, सुकवायला ठेवली. बघता बघता मलमाचं पुन्हा पिवळं, पातळ तूप झालं. तेवढ्यात लेक उठून रडायला लागली. सासूबाई वाटीत डोकावल्या. "काहून तापवलं वं? आता वाढ तुह्याच वरणावर." ते थिजेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. गाडग्यातलं उरलंसुरलं तूप काढून त्या पुन्हा परातीशी बसल्या. मी पाणी ओतत होते, त्या फेटत होत्या. मलम लागलं तशी लेक हुंदके देत शांत झाली. जेवताना सासऱ्यांनी रिकामं गाडगं पाहून आवाज चढवला. सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "मांजरीनं खाल्लं." तेव्हापासून आजवर मी दारातली एकही मांजर हाकललेली नाही.