बेदाण्याच्या पाकिटावरचं नाव

सांगलीच्या स्टँडवर शेजारच्या म्हाताऱ्यानं टोपीतून बेदाण्याचं रिकामं पाकीट काढलं, मांडीवर घासून सपाट केलं.

"पावणं, ह्यो चौकोन मोबाईलात बघा की."

मी तो क्यूआर कोड स्कॅन केला. द्राक्षं पिकवणाऱ्या बाईचं नाव आलं, ते मी वाचलं.

"आनि एकदा वाचा."

पुन्हा वाचलं.

"आमची कारभारीण. जाऊन वरीस झालं. थोरल्यानं रेशनकार्डावरनं नाव काढलं. हितलं बी काढतील व्हय?"

"नाही. ही नोंद ब्लॉकचेनवर आहे, इथं खाली लिहिलंय. एकच नोंद कितीतरी कंप्युटरांवर असते. कुणा एकट्याला पुसता येत नाही," मी ऐटीत सांगितलं.

त्यानं पाकिटाची घडी घातली, टोपीत ठेवली.

"म्हंजी एवढ्या ठिकानी हाय ती. घरात तेवढी न्हाई."