सहलीत अळीचं नाव काढायचं नाही

आमच्या कृषी कार्यालयात फाइली कधी ना कधी निकाली निघतात, किस्से मात्र प्रलंबितच राहतात. त्यात बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली तो हंगाम म्हणजे तर विचारूच नका! त्या हंगामात आम्ही काय काय केलं ते सरकारी अहवालात आहे. जे अहवालात नाही ते सांगतो. आम्ही एक सहल काढत होतो. दोन तासांवरच्या एका कॉलेजची वनस्पती बाग पाहायची, बायकापोरांसकट, एका रविवारी, बस्स एवढंच!

*

सुरुवात माझ्या पोरीनं केली. तनू तेव्हा चौथीत. शाळेत निबंध होता, ‘माझे बाबा’. बाईसाहेबांनी लिहिलं : ‘माझे बाबा कृषी सहायक आहेत. ते अळ्या मोजतात. रविवारी जास्त मोजतात. मला त्यांच्यासोबत फुलं बघायची आहेत, पण फोडून नाही.’

खाली मॅडमचा लाल शेरा, ‘छान’!

बायकोनं ती वही माझ्या ताटाशेजारी उघडी ठेवली आणि भाकरी वाढली. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, ‘तने, येत्या रविवारी बाग. पक्कं!’

‘आन् फोन आला तर?’ तनूनं विचारलं.

‘उचलणार नाही.’

तिनं आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. विश्वास कोणाचाच नव्हता, माझाही नव्हता.

*

ऑफिसात सांगितलं तर सगळेच तयार झाले. आमचे साहेब पुण्याकडचे, अतिशय शिस्तीचे. त्यांनी सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चक्क परिपत्रक टाकलं! ‘विषय : वनस्पती बागेस सहकुटुंब भेट देणेबाबत. संदर्भ : सौ. यांचे वेळोवेळीचे तोंडी निर्देश.’

खाली वहिनींचा मेसेज आला, ‘स्मरणपत्र क्रमांक चौदा समजावे.’

*

पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता ऑफिससमोर क्रूझर उभी. आणली होती आमच्या रफीकभाईंनी. रफीकभाई म्हणजे ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर, पण ही गाडी त्यांच्या मेव्हण्याची. पोरं खिडक्या वाटून घेऊन बसली, डबे चढले, पाण्याचा जार चढला. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. पाहणी पथक येतंय, दहा वाजता, सगळ्यांनी शेतावर हजर!

पोरं गाडीतून उतरेनात. आठ पोरं आणि आठही रडायला लागलेली! शेवटी रफीकभाई म्हणाले, ‘रुका जरा.’ त्यांनी पोरांना घेऊन ऑफिसभोवती दोन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेत साहेबांच्या धाकट्याला भडाभडा उलटी झाली.

रफीकभाईंनी दार उघडलं. ‘चला, उलटीबी झाली. म्हणजे सहल झाली!’

*

दुसऱ्या रविवारचा किस्सा मी कधी हसून सांगू शकलो नाही, पण सांगतो. मी चपला घालत होतो. धामणगाव बढे गावाहून एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. फोन मी उचलला. आता उचलायचा नाही हे ठरलं होतं, पण हात ऐकतो काय! ‘साहेब, दोन मिन्टं या. बोंडं वरून चांगले दिसून राह्यले, पन मले काही खरं वाटत नाही.’

दोन मिनिटांचे पाच तास झाले. गाडी माझ्यासाठी तासभर थांबली, मग बेत पुन्हा मोडला. दुपारी घरी आलो तर तनू नव्या फ्रॉकमध्ये, बूट घालून, ओट्यावर तशीच बसलेली.

‘दहा बोंडांत किती?’ तिनं विचारलं.

‘आठांत निघाली.’

‘मंग ठीक आहे,’ म्हणाली आणि बुटाचे बंद सोडायला लागली. ती रडली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

*

तिसऱ्या खेपेला बायकांनी सूत्रं हातात घेतली. साहेबांच्या घरी वहिनींनी बैठक बोलावली आणि नियम केला. कपाशी, बोंड, अळी, डोमकळी, फवारणी, यातला एकही शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्यानं जागच्या जागी उभं राहून गाणं म्हणायचं. सगळ्यांचे फोन गोळा करून डब्यांच्या पिशवीत! आणि न्यायाधीश कोण? तनू!

‘आन् मनात आली तर?’ रफीकभाईंनी विचारलं.

‘मनातलं चालेल,’ वहिनी म्हणाल्या.

माझी बायको म्हणाली, ‘यांच्या तर चेहऱ्यावरच दिसते!’

*

निघालो एकदाचे! पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय असणार? सगळे कृषीवाले मान ताठ करून समोर बघत बसलेले. कोणी घड्याळ बघतंय, कोणी नुसतंच खाकरतंय. मी पाय हलवत होतो. बायको दर पाच मिनिटांनी माझा गुडघा दाबून धरायची.

शेवटी साहेबांचाच बांध फुटला. ‘अरे, या वळणावर फवारणी झालेली दिसत नाही!’

‘गाणं!’ तनू ओरडली.

साहेबांना एकही गाणं येईना. घाम फुटला. मग त्यांनी डोळे मिटून गणपतीची आरती म्हटली, पूर्ण! सगळ्या गाडीनं टाळ्या वाजवल्या. आरती संपल्यावर त्यांच्या धाकट्यानं हात पुढे केला, ‘प्रसाद?’

*

बाग सुरेख होती. कमळांचं टाकं, निवडुंगांचं काचघर, पोरं तर चेकाळलीच. आम्ही मात्र गुलाबाच्या वाफ्याजवळ एका रांगेत वाकून उभे आणि प्रत्येकजण पान उलटं करून खालची बाजू बघतोय!

मागून माझी बायको म्हणाली, ‘समोरून पाहा हो! फुलाले तोंड समोरून असते!’

*

आणि मग हे झालं. जेवणं झाली, सतरंजीवर आडवे झालो. तनू कुठे दिसेना. तेवढ्यात काचघरामागून आवाज आला, ‘कोनं तोडले बे हे फुलं?’

धावत गेलो. तनू उभी होती, फ्रॉकची ओटी लाल कळ्यांनी गच्च भरलेली. शेजारचं झुडूप जवळपास बोडकं. समोर बागेचे माळीकाका, वयस्कर, संतापलेले.

‘काका, पूर्ण झाडाले डोमकळी लागली,’ तनू त्यांना समजावत होती. ‘फूल असं मिटून राह्यलं की आत अळी असते. तोडून नष्ट करा लागते.’ हे माझंच वाक्य. सुट्टीत तिला शेताशेतांतून सोबत न्यायचो, तेव्हा शंभरदा ऐकलेलं.

‘अवं बाई, हे मिरची जास्वंद आहे! हे फूल उमलतच नाही, मिटेलच राह्यते!’

तनूनं एक कळी फोडली. आत काही नाही. दुसरी फोडली. मग पाच, सात, दहा. सगळ्या कोऱ्या.

‘बाबा, एकातबी नाही!’ एवढा आनंद मी तिच्या तोंडावर त्या हंगामात पाहिला नव्हता.

माळीकाकांनी एक फोडलेली कळी उचलली, बोटांत फिरवली. मग मला म्हणाले, ‘साहेब, माह्यं दोन एकर वावर आहे. भाऊ पाह्यते. मांगच्या हप्त्यात गेलो तं कपाशीचे फुलं असेच मिटेल होते. मी इथं रोज हे फूल पाहतो न, मले वाटलं, तेबी असंच असते. भावाले म्हटलं, काही नाही होत. आता काय करा लागते?’

मी तोंड उघडलं, नियम आठवला आणि मिटलं. आमची सगळी मंडळी मागे येऊन उभी राहिली होती. बायको माझ्याकडे बघत नव्हती, तनूकडे बघत होती. मीही तनूकडे पाहिलं.

तनूनं ओटीतल्या कळ्या हळूच झुडपाखाली ठेवल्या, हात फ्रॉकला पुसले आणि टाक्याच्या कठड्यावर चढून उभी राहिली.

‘सांगा त्याह्यले, बाबा,’ ती म्हणाली. ‘तुमचं आन् माह्यं, दोन्ही गाणे मी म्हणीन.’