खंडेनवमीला उघडलेला कॉम्प्युटर

माझं डोकं तापायला फार काही लागत नाही, हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या खंडेनवमीला मी ओरडले, तेव्हा कारण होतं.

मी जबलपूरला घरी बसून अजून उभ्या न राहिलेल्या इमारतींच्या फिल्म बनवते. नकाशावरून कॉम्प्युटरमध्ये घर उभारायचं, झाडं लावायची, उजेड पाडायचा, मग कॉम्प्युटर त्याचं एकेक चित्र काढत बसतो. ती सगळी चित्रं जोडली की फिल्म. चित्रं काढायचं हे काम ग्राफिक्स कार्ड करतं. मी नवं, मोठं कार्ड घेतलं आणि जुनं ड्रॉवरमध्ये टाकलं. बाबांना ते काही बघवेना.

बाबांची अख्खी नोकरी इथल्या संरक्षण कारखान्यात फिटर म्हणून गेली. चालती वस्तू नुसती बसवून ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. "चालते ना ते? मग काहून ड्रॉवरमध्ये टाकलं?" रोज जेवताना हेच. शेवटी कटकट नको म्हणून मी जुनं कार्डही नव्याच्या खालच्या खाचेत बसवलं. आणि खरं सांगते, छोटी कामं भराभर व्हायला लागली. एखादी खोली, एखादा जिना दोघं मिळून फटाफट उरकायचे. बाबा कॉलर ताठ करून फिरत होते. मीही खूश होते.

तेवढ्यात पुण्याच्या एका स्टुडिओनं नमुन्याची फिल्म मागितली. अख्खी सोसायटी, बाग, तलाव, सगळं. आवडली तर वर्षभर घरूनच काम मिळणार होतं. नाही आवडली, तर त्यांच्याच ऑफिसात नोकरी होती, पण पुण्याला जाऊन. इथली कामं आटत चालली होती, त्यामुळं तिसरा रस्ता नव्हता. आणि पुण्याला जायचं म्हणजे बाबांना एकटं टाकून जायचं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. नागपूरला लग्नाला निघालो, तरी गावाबाहेरचा, नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल यायच्या आत "परत कधी निघायचं?" विचारणारा हा माणूस. तो जबलपूर सोडेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. त्या फिल्मपायी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि नेमकी तीच फिल्म रखडली. एक चित्र निघायला घ्यायचं आणि मी चहा करून, पिऊन, कप विसळून आले तरी काम तिथंच. मध्येच सगळं बंदही पडायचं. मी बागेला दोष दिला, निम्मी झाडं उपटली, तलावातलं पाणी काढलं. काही फरक नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म द्यायची होती.

खंडेनवमीला सकाळी बाबा म्हणाले, "पूजेला झेंडू लागते, सदर बाजारातून घेऊन ये." कॉम्प्युटर चालू ठेवून मी गेले. ऑटोनं परत येते तर घर चिडीचूप. पंख्यांची घरघर बंद. बाहेरच्या खोलीत पाटावर पांढरं कापड, त्यावर बाबांच्या कानशी, पाने, मायक्रोमीटर आणि शेजारी माझं जुनं कार्ड, त्याच्या लोखंडी पट्टीवर हळदीकुंकवाची बोटं. कॉम्प्युटर उघडा पडलेला.

"बाबा! हे काय केलं तुम्ही?"

"ओरडून काहून राहिली? पूजा करून राहिलो. आज यंत्र चालवू नाही, इतकं माहीत नाही का तुला? नीट बंद केलं, वायर काढली, मगच उघडलं. हे जुनं धुळीनं भरलं होतं, ब्रशनं साफ केलं."

"दोन दिवस उरलेत माझे! मी पुण्याला जावं असं वाटते का तुम्हाला? तसं सरळ सांगा ना!"

बाबांनी कुंकवाचं बोट कापडाला पुसलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. मला वाईट वाटलं, पण राग जास्त होता.

ओलं कुंकू लागलेलं कार्ड परत बसवायची सोय नव्हती. देवा माफ कर म्हटलं आणि एकट्या नव्या कार्डावर कॉम्प्युटर सुरू केला. आधी निघालेली चित्रं शाबूत होती. पुढचं चित्र लावलं आणि चहाला उठणार, तोच ते तयार! मला वाटलं काहीतरी गाळलं असेल. मोठं करून पाहिलं. पानन् पान जागेवर. दुसरं आलं, तिसरं आलं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन कार्डांची मेमरी मिळून एक होत नाही. अख्खं दृश्य प्रत्येकाला आपापल्या पोटात मावावं लागतं. खोली, जिना दोघांनाही मावत होते, म्हणून जोडी पळाली. ही सोसायटी जुन्याला झेपत नव्हती, आणि त्याच्या पायात नवंही अडकत होतं. बिचारी झाडं मी उगाच उपटली!

मी स्वयंपाकघरात गेले. "बाबा, तुमच्या पूजेनं काम झालं." सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे ते जुनं बेकार?"

"बेकार कसं? छोट्या कामाला लावीन. या कामाला नको."

"अच्छा," ते म्हणाले. मग स्वतःच एक झेंडू आणून चालत्या कॉम्प्युटरवर ठेवला.

झाडं परत लावली, तलावात पाणी भरलं, सगळी चित्रं नव्यानं काढली, तरी फिल्म वेळेत गेली. आठवड्यानं स्टुडिओच्या बाईंचा फोन आला, काम तुम्हालाच, तिथूनच करा. मी धावत अंगणात गेले. बाबा नळाचा वायसर बदलत होते.

"बाबा, मी कुठं जात नाही! इथूनच करायचं!"

"चलो, चांगलं झालं," म्हणून त्यांनी हात पुसले आणि आत गेले. इतकंच? मला रागच आला. मागोमाग गेले, तर पलंगावर त्यांची बॅग उघडी. त्यातून स्वेटर, शाल, औषधांचा डबा, टॉवेलात गुंडाळलेला आईचा छोटा फोटो, एकेक काढून कपाटात ठेवत होते.

"हे काय?"

"काय म्हणजे? पुण्याला लागलं असतं ना."

"तुम्ही येणार होते?"

"मग? तू तिकडं अन् मी इथं काय करू?"

"मला सांगायचं तरी!"

"तू तरी कुठं विचारलं?"

मी पलंगावर बसले आणि ढसाढसा रडले. बाबा स्वेटरची घडी घालता घालता थांबले.

"आता काहून रडून राहिली? जाऊन नाही राहिलो ना आपण."