फाळके सरांचं मत

राजाराम फाळके सरांनी उभ्या आयुष्यात एकही मतदान चुकवलं नव्हतं. कोरेगावच्या हायस्कुलात ते नागरिकशास्त्र शिकवायचे. त्या विषयाला मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी हात लावत. सरांनी मात्र तो जन्मभर अंगाला लावून घेतला. निवडणुकीची ड्युटी आली की बाकीच्या मास्तरांना हटकून ताप यायचा, आणि सर आपणहून नाव द्यायचे. मतदानाच्या दिवशी पहाटे आंघोळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि रांगेत पहिला नंबर, हा त्यांचा शिरस्ता. सणावाराला कधी एवढी घाई केली नाही, असं त्यांच्या पत्नी मालिनीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

निवृत्तीनंतर एकुलत्या एका मुलानं, यतीननं, दोघांना अमेरिकेत, शॉमबर्गला कायमचं बोलावून घेतलं. तो तिथला नागरिक झालेला, त्यामुळे आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळायला अडचण आली नाही. कोरेगावचं घर विकून दोघं दोन हजार दोनच्या हिवाळ्यात येऊन पोचले. अशा वयाचे बाकीचे आईवडील टीव्हीसमोर बसून कंटाळतात. सरांनी फावडं उचललं. आपल्या दारातला बर्फ काढून झाला की शेजारच्या कॅरलच्या दारातला काढायचा, कारण ती एकटी आणि गुडघ्यांनी अधू. दुकानातल्या सामानाच्या ढकलगाड्या लोक बसस्टॉपवर सोडून जात, त्या सर ढकलत परत नेऊन ठेवत. यतीनला ओशाळवाणं व्हायचं. इथे या कामाला माणसं असतात, असं तो सांगून थकला. त्या दिवसांत गल्लीत दारोदार झेंडे लागले होते. झेंडा लावणं सोपं असतं, सर म्हणायचे, राहतो तिथला रस्ता साफ ठेवणं म्हणजे देशप्रेम. ते त्यांना मनापासून वाटायचं, आणि तेच पुढे नडलं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात दोघं ओळखपत्र काढायला गेले. खिडकीतल्या बाईनं त्यांची ग्रीन कार्डं हातात घेऊन पाहिली आणि मतदार म्हणून नाव नोंदवायचं आहे का, असं विचारलं. नसती उठाठेव कशाला, म्हणून मालिनीबाईंनी नकारार्थी मान हलवली. सर मात्र भारावून गेले. कोरेगावात यादीत नाव घालायला खेटे घालावे लागायचे, आणि इथे सरकार स्वतःहून विचारतंय! कार्ड बघून विचारलं म्हणजे आपल्याला हक्क असणारच. बाईनं बोट ठेवलं तिथं त्यांनी सही ठोकली. वाचल्याशिवाय सही करू नका, असं वर्गावर्गांतून सांगत आलेल्या माणसानं, आपण या देशाचे नागरिक आहोत या वाक्याखाली, न वाचता सही केली.

नोव्हेंबरात यतीन कामासाठी ओहायोतल्या डब्लिनला होता. सर पांढरा शर्ट घालून कॅरलच्या गाडीतून गेले, रांगेत पहिले उभे राहिले आणि मत देऊन आले. कर्तव्य केलं त्याचा गाजावाजा कसला, म्हणून मुलाला त्यांनी सांगितलंसुद्धा नाही.

पाच वर्षं भरल्यावर यतीननं दोघांचे नागरिकत्वाचे अर्ज भरले. तुरुंगात होतात का, दारू पिऊन पडता का, असल्या प्रश्नांपुढे त्यानं न विचारता सगळीकडे 'नाही' लिहिलं. आपल्या बापाला असलं काय विचारायचं?

दोन हजार आठच्या वसंतात मुलाखत झाली. सरांनी सगळी उत्तरं खणखणीत दिली. मग अधिकाऱ्यानं अर्जावरचे प्रश्न एकेक करून वाचायला घेतले, आणि कधी मत दिलंय का, हा प्रश्न आला.

"हो," सर ताठ बसून म्हणाले. "रांगेत पहिला होतो."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नसावा. त्यानं सावकाश विचारलं, "म्हणजे भारतात ना?"

"तिथे तर नेहमीच. पण हे मी इथलं सांगतोय, शॉमबर्गचं."

ग्रीन कार्डावर राहता येतं, मत देता येत नाही; नागरिकत्व बाजूलाच राहिलं, देशाबाहेर का काढू नये याची नोटीस आली. मालिनीबाईंनी जूनमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली आणि घरी येऊन रडल्या. वकील म्हणाला, आशा ठेवू नका. यतीन एकदा जेवताना हात थांबवून म्हणाला, "अण्णा, नुसतं 'इंडिया' म्हणाला असतात तर सुटला असतात."

"त्यानं मला खरं विचारलं होतं," सर म्हणाले.

कोरेगावच्या चुलतभावाला फोन केला तर कळलं, तिथल्या मतदारयादीतूनही नाव कधीच कमी झालंय. सरांना रात्रभर झोप लागली नाही.

नोव्हेंबरात पुन्हा मतदान आलं. सर पहाटे उठले, आंघोळ केली, पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली आणि तो घातलाही. मालिनीबाई जायला तयार नव्हत्या. तुम्हाला हाकलायला निघालेत, त्यांना मी मत कशाला देऊ, असं त्यांचं म्हणणं.

"जा," सर म्हणाले. "तू गेली नाहीस तर मीसुद्धा उगाचच गेलो होतो, असं होईल."

बाहेर कॅरलनं हॉर्न वाजवला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. काच खाली करून तिनं विचारलं, आज तुम्ही नाही का येत? सर दारात उभे राहिले. अधिकाऱ्यापुढे ज्याची जीभ अडखळली नव्हती, तो माणूस म्हणाला, जरा ताप आहे. काळजी घ्या, म्हणत तिनं मालिनीबाईंना गाडीत घेतलं आणि गाडी वळली.

सर आत आले. शर्ट काढला, इस्त्री मोडणार नाही अशी घडी घातली आणि पलंगाखालून ओढलेल्या बॅगेत सगळ्यात तळाशी ठेवला.