नऊचा फोन

नव्या स्वयंसेवकांचे प्रश्न ठरलेले असत. पैसे मिळतात का? वेळ किती जातो? मधेच सोडता येतं का? टेलरमावशी शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगत, "पैसे नाहीत, वीस मिनिटं, आणि सोडून तर बघ." एकदा एकीनं विचारलं, "मावशी, तुम्हीही एकट्याच राहता. तुम्हाला कोण फोन करतं?"

"मला काय धाड भरलीय?" मावशी हसल्या.

काम सोपं होतं. रोज सकाळी नऊला एकट्या राहणाऱ्या सात म्हाताऱ्यांना फोन करायचा. "आहात ना?" "आहे." की वहीत खूण. तीनदा करूनही उचलला नाही, तर किल्ली असलेल्या शेजाऱ्याला पाठवायचं. यादीत शेवटचे घड्याळजी. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, त्यामुळे दोन मिनिटं उशीर झाला तरी मावशींना बोलणी खावी लागत.

एका मंगळवारी शाळेच्या गणवेशांची घाई होती. घड्याळजी काय, रोजच असतात, म्हणून मावशींनी फोन न करताच खूण केली. बुधवारी ते पलंगाशेजारी पडलेले सापडले. मंगळवारी पहाटे पडले असावेत, पण संध्याकाळपर्यंत जीव होता, असं डॉक्टर म्हणाले. ती खूण खोटी होती, हे मावशींनी कुणालाच सांगितलं नाही.

आठवड्यानं, नऊच्या ठोक्याला मावशींचाच फोन वाजला.

"आहात ना?" घड्याळजींचं तेच खाकरणं, तोच आवाज.

हातातली कात्री गळून पडली. "आहे," त्या कशाबशा म्हणाल्या. पलीकडे कागदावर पेन घासल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मग रोज तेच. चौकशी केली, तर घड्याळजींची लाइन कधीच कापलेली. मावशींची पाचावर धारण बसली. वही परत करायची आणि हे सगळं सोडायचं, असं त्यांनी ठरवलं.

त्याच सकाळी त्या न्हाणीघरात घसरल्या. उठता येईना, आवाज फुटेना. बाहेर फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजून गप्प झाला. गार फरशीवर पडल्या पडल्या मावशींना कळलं, घड्याळजींचा मंगळवार केवढा लांब होता. त्या रडू लागल्या.

दारात किल्ली फिरली. शेजारच्या वहिनी धावत आत आल्या.

"कुणा घड्याळजींचा फोन होता. म्हणाले, मावशी उचलत नाहीत, जाऊन बघा." वहिनींनी त्यांना आधार दिला. "आणि म्हणाले, आत्ताच जा. नुसती खूण करू नका."